जन्मात न लागणारी सही

दिनानाथशेठ घरात कधी खोटं बोलत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. धंद्यात दोन शब्द इकडचे तिकडे होतात, रेतीची गाडी काठोकाठ भरत नाही, ते कोणी खोट्यात धरत नाही. पण घरात, बायकोशी आणि पोरीशी, माणूस सरळ. त्यामुळे अमिषाच्या पायलट होण्याच्या बाबतीत तो पहिल्यांदा खोटं बोलला, तेव्हा ते त्याला धड जमलंसुद्धा नाही. शब्द अडखळले, नजर भिंतीवर गेली. तरी दोघींनी ते खरं मानलं, असं त्याने धरलं. सरळ माणसाच्या तोंडून आलेलं कच्चं खोटंही खपून जातं, आणि मग त्याचं ओझं त्याला एकट्यालाच वाहावं लागतं.

नारखार हे त्याचं गाव पोयनाडच्या पुढे, खाडीला पाठ लावून बसलेलं. खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये एक मातीचा बांध, तेवढाच काय तो आधार. बांध शाबूत तोवर भात. बांध फुटला की शेतात खारं पाणी, आणि मग पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा नीट उगवत नाही. दिनानाथच्या बापाने शेतीच्या जोडीला एक जुनी लॉरी घेतली होती. दिनानाथने त्या लॉरीचे बंदराकडे कंटेनर ओढणारे दोन ट्रेलर केले, आणि किहीमकडच्या बंगल्यांना चिरा-रेती पोचवायला एक डंपर ठेवला. गाव त्याला शेठ म्हणू लागलं. पण त्याला खरा अभिमान होता तो बांध कमिटीच्या अध्यक्षपदाचा. ह्या गावात मोठेपण बंगल्यावर नाही, बांधावर मोजतात.

अमिषा त्याची एकुलती एक. उलव्याच्या नव्या विमानतळाचं काम चालू होतं तेव्हा बापाबरोबर ती एकदा तिकडे गेली होती, आणि बाकीची पोरं जेसीबी बघत असताना ही मान वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत होती, असं सुचिता सांगते. सुचिता तिची आई. तिच्या सांगण्यात थोडं मीठमसाला असतो, पण पोरीने बारावीनंतर दुसरं काही मनातच घेतलं नाही हे खरं. एका मोठ्या विमान कंपनीच्या निवड परीक्षेला ती बसली. लेखी झाली, मुलाखत झाली, डोळ्यांपासून कानांपर्यंत सगळी तपासणी झाली, आणि हजारो मुलांतून तिचं नाव आलं. दिनानाथने अख्ख्या गावाला पेढे वाटले. फक्त समोरच्या एका घरात त्याने पेढा दिला नाही, आणि त्या घरानेही मागितला नाही.

आता दोन वाटा होत्या. अमिषाने जेवायच्या टेबलावर त्या बापाला फोड करून सांगितल्या. पहिली वाट कंपनीची. शिकण्याचा बहुतेक खर्च कंपनी करणार आणि नोकरी लागली की पगारातून हळूहळू कापून घेणार. शिकताना कंपनीच्या मुलांसाठी विमानं राखून ठेवलेली, आणि शेवटी नोकरी ठरलेली. बदल्यात बाँड लिहून द्यायचा, की इतकी वर्षं दुसऱ्या कंपनीत जाणार नाही. मध्येच शिक्षण सोडलं तर भरपाई घरच्यांनी करायची, आणि त्यासाठी जमीन तारण. दुसरी वाट स्वतःच्या पैशाची. फ्लाइंग स्कूलमध्ये फी भरा, विमान मिळेल तसे तास उडवा, लायसन्स घ्या. कोणाचं देणं नाही, कोणाची बांधिलकी नाही. पण लायसन्स हातात आल्यावर नोकरी आपली आपण शोधायची, आणि मोठ्या विमानाचं शिक्षण पुन्हा वेगळं, तेही आपल्याच खिशातून.

"लायसन्स घेऊन घरी बसलेली पोरं चिकार हायेत, बाबा," अमिषा म्हणाली. "कंपनीचं बरं वाटतं मना. फक्त जमिनीचं तू बघ."

जमिनीचं बघ म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. सुचिताने भाताचं पातेलं उगाचच इकडचं तिकडे केलं. सातबाऱ्यावर दोन नावं होती, येसाजी आणि दिनानाथ. भावाभावांत वाटणी कधी झालीच नव्हती. जमीन तारण ठेवायची तर थोरल्या भावाची सही हवी, आणि त्याच सहीबद्दल दिनानाथ भर देवळात बोलून बसला होता.

ते असं झालं होतं. उधाणाच्या पाण्याने बांध फुटतो, त्याला खांड जाणं म्हणतात. खांड गेली की देवळातली घंटा बडवतात, आणि घरटी एक माणूस असेल तसा बांधावर धावतो. ह्याला सबब नाही. हळद लागलेला नवरदेव चिखलात उतरल्याच्या गोष्टी गावात अजून सांगतात. अशीच एका श्रावणात खांड गेली, आणि येसाजीच्या घरून कोणी आलं नाही. एक दलाल कुठल्याशा कारखान्यासाठी जमिनी बघत फिरत होता आणि येसाजीच्या मनात विकायचं आलं होतं. जी जमीन विकायची तिच्यासाठी कशाला चिखल तुडवा, असा त्याचा हिशोब. दलाल पुढे पसार झाला, पण तोवर सभा बसली होती.

येसाजीची चूक होती, आणि ती त्याने कबूल केली. गावाने दंड लावला, तो त्याने तिथल्या तिथे उभ्याने भरला. तिथे विषय संपायचा. पण अध्यक्ष त्याचा सख्खा भाऊ. भावाची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको, म्हणून दिनानाथ जरा जास्तच न्यायी झाला. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ज्या हातानं बांधावर चिखल टाकला नाय, त्या हाताची सही मना जन्मात लागायची नाय!"

सभेने टाळ्या वाजवल्या. येसाजीने मान वर केली नाही. बापाच्या मागे ज्याने धाकट्याला वाढवला, लॉरी चालवायला शिकवला, त्याच्याबद्दल आपण हे बोललो, हे दिनानाथला घरी येईपर्यंत कळलं होतं. पण टाळ्या वाजून गेल्या होत्या. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशेला. समोरासमोरची घरं, म्हणून दिनानाथ गल्लीतून यायचं टाळून तळ्यावरच्या लांबच्या रस्त्याने घरी यायला लागला. डिझेल जास्त जायचं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

कंपनीने विचार करायला मुदत दिली होती. दिनानाथ सल्ला घ्यायला किहीमला गेला. तिथे कॅप्टन दस्तूर राहत. पारशी म्हातारा, जन्मभर विमानं चालवून आता नारळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला. त्यांच्या कुंपणाचे चिरे दिनानाथच्याच डंपरमधून आले होते. त्याने दोन्ही वाटा त्यांच्यापुढे मांडल्या. कॅप्टननी मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं.

"तू माझा आयक," ते म्हणाले. "जेचा काका-मामा एअरलाइनमधी हाय, जेला चार वरस घरी बसला तरी चालते, तेला मी सांगेन स्वताच्या पैशानी शिक. तुझ्या डिकरीचा तिथं कोण हाय? कोणी नाय. तेला कंपनीचा सीट मिळाला तर डोळा मिटून घे. बाँड बाँड काय करते? नोकरी सोडून जायची बंदी हाय, नोकरी मिळायची बंदी नाय!"

इतकं स्वच्छ उत्तर आयुष्यात क्वचितच मिळतं. परतताना दिनानाथने मनाशी ठरवलंसुद्धा. आज गल्लीतून जायचं. डंपर दादाच्या दाराशी लावायचा. काही न बोलता ओटीवर बसायचं. वहिनी चहा आणील, मग आपोआप बोलणं निघेल. गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा येसाजी ओटीवरच होता, मांडीवर जाळं घेऊन त्याची भोकं सांधत. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. भावाभावांची नजर एक झाली. दिनानाथने गाडी थांबवायची होती. त्याने ती मागे घेतली आणि तळ्याकडून घरी गेला.

"काय बोलले कॅप्टन?" सुचिताने दारातच विचारलं. अमिषा तिच्या मागे उभी होती.

"बोलले..." दिनानाथ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "बाँडात अडकू नका बोलले."

एकदा तोंडातून गेलं आणि पुढचं मग आपोआप येत गेलं. "आनि बरोबर हाय त्यांचं. अमिषाचा पणजा चरीच्या संपात व्हता. खोताची जमीन वर्सानुवर्सं पड ठेवली, लाकडं विकून पोरं जगवली, पन खोताच्या कागदावर आंगठा नाय उठवला. त्याच्या पणतीनं आता बाँड लिहून द्यायचा? मी ट्रेलर विकतो. पोर आपल्या पैशानं शिकंल, ताठ मानेनं."

साधं खोटं बोलायला तोंड पुरतं. तत्त्वाचं खोटं बोलायला पूर्वज लागतात. बिचारा पणजोबा खोतापुढे वाकला नाही, आणि नातू आपल्या सख्ख्या भावापुढे वाकायला नको म्हणून त्याला मधे उभा करत होता. दिनानाथला हे तेव्हाच कळत होतं. बोलता बोलताच त्याचे कान गरम झाले होते.

अमिषाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुना खरंच असं वाटतं, बाबा?"

"मना असंच वाटतं."

"बरं," ती म्हणाली. "अजून मुदत हाय. तू नीट विचार कर. मी घाई नाय करत."

ती मुदत त्याने कशी काढली ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. दुपारी वाटायचं, संध्याकाळी गार झाल्यावर जाऊ. संध्याकाळी वाटायचं, पोरगी तर काही कुरकुर करत नाही, म्हणजे तिलाही पटलं असेल. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तर त्याने काशीदच्या एका हॉटेलची खडी स्वतः पोचवायला घेतली. ड्रायव्हर म्हणत होता, शेठ मी जातो; ह्याने ऐकलं नाही. दिवेलागणीला तळ्यावरून परत आला तेव्हा अमिषा घरात नव्हती. थोड्या वेळाने आली. कुठे गेली होतीस म्हटल्यावर "हितंच व्हते" म्हणाली, पाय धुतले आणि त्याला पान वाढलं.

"मुदत संपली, बाबा," भाजी वाढताना ती म्हणाली. "मी कंपनीला नको कळवलं."

सुटलो असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याच क्षणी लाज वाटली.

ट्रेलर गेले. आधी एक, मग दुसरा. गावाने पुन्हा वाहवा केली, पोरीसाठी धंदा मोडणारा बाप म्हणून. अमिषा लांब मध्य भारतात कुठल्याशा धावपट्टीवरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये गेली. नशिबाची थट्टा अशी की ज्या कंपनीला ती नको म्हणाली होती, त्याच कंपनीची मुलं त्याच स्कूलमध्ये शिकायला होती. विमानं मोजकी. सकाळी फळ्यावर नावं लागत, त्यात आधी कंपनीची मुलं, मग उरली तर बाकीची. अमिषा गणवेश घालून तयार होऊन बाकावर बसून राही. कधी धुकं, कधी विमान दुरुस्तीला, कधी शिकवणारा नोकरी सोडून गेलेला. फोनवर ती हे हसत सांगायची. "आज पण जमिनीवरच, बाबा. तुझा डंपर तरी रोज सुटतो."

तिने चिडून दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. ती चिडत नव्हती. खाई त्याला खवखवे; आपण केलं ते आपल्याला ठाऊक, म्हणून तिच्या हसण्यातसुद्धा त्याला बोल ऐकू यायचे. जेवण कमी झालं. ड्रायव्हर परवडेना म्हणून डंपर तो स्वतःच चालवू लागला, आणि ते त्याला आवडायचंही, कारण केबिनमध्ये कोणाशी बोलावं लागत नाही. सुचिता एकदा म्हणाली, "आवो, तुम्ही हल्ली पोरीचा फोटू असलेल्या भिंतीकडं पाठ करून बसता." तो म्हणाला, पंख्याचा वारा तिकडून येतो.

किहीमचं काम मात्र टाळता येईना. कॅप्टन दस्तूरनी त्याला गेटवरच गाठलं. "काय, कुठपर्यंत आली डिकरी? कंपनीचा पोरगा-पोरगी तर आता सुटणार असेल ना?"

"हां साहेब," दिनानाथ म्हणाला. "चाललंय. तुमचा आशीर्वाद."

म्हाताऱ्याचा चेहरा इतका खुलला की बघवेना. तो काठी टेकत आत गेला आणि आपला जुना काळा चष्मा, विमान चालवताना घालायचा, डबीसकट घेऊन आला. "माझा नातू तर कॉम्प्युटरमधी बसते. हा तुझ्या डिकरीला दे. सांग, बुढ्ढ्यानी दिला." दिनानाथने दोन्ही हातांनी डबी घेतली. आता तो ज्यांना विचारायला गेला त्यांच्याशीही खोटं बोलला होता. घरी आल्यावर त्याने ती डबी डंपरच्या सीटखाली, जॅकच्या मागे सरकवून ठेवली. चष्मा पोरीला देणार कसा? कॅप्टननी का दिला, हे सांगावं लागलं असतं.

मग तो फोन आला. "आज कंपनीच्या बॅचचा शेवटचा दिवस, बाबा," अमिषा म्हणाली. "सगळ्यांना नोकरीचं पत्र मिळालं. केक कापला. मना पन दिला."

"तू खाल्लास?" त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"खाल्ला की. चांगला व्हता."

दिनानाथ डंपरच्या केबिनमध्ये जाऊन बसला, काचा वर केल्या आणि रडला. आपण पोरीच्या पायात दगड बांधला आणि वर तिला पणजोबाची गोष्ट सांगितली, हे त्याने तिथे स्वतःशी उघड उघड म्हटलं. पण स्वतःशी म्हटल्याने कोणाचं काही भरून येत नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, देवळातली घंटा वाजायला लागली. दिनानाथ जेवता उठला आणि धावला. उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी सोडायच्या दाराच्या, अलीकडे बांधाला खांड गेली होती, चार बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी, आणि खाडीचं पाणी पोटरीला, लोंब्या फुटायला आलेल्या भातात घुसत होतं. ओहोटी लागल्याशिवाय काही करता येत नाही. पण ओहोटी लागली की पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. माणसं रांग धरून उभी राहतात. पुढचे खाडीतून चिखलाचे मोठाले गोळे कापतात आणि ते हातोहात खांडीपर्यंत जातात. अध्यक्ष नेहमी रांगेच्या तोंडाशी. दिनानाथ तिथे पोचला, तर गोळा कापायला आधीच एक जण कमरेएवढ्या चिखलात उभा होता. अंगभर चिखल, तरी पाठीवरून ओळखला. येसाजी.

रांग लागली होती, आता जागा बदलणं शक्य नव्हतं. येसाजीने गोळा कापला, वळला आणि समोर धाकट्याला बघून क्षणभर थांबला. मग गोळा त्याच्या हातात दिला. दिनानाथने घेतला, मागच्याला दिला. पुन्हा गोळा आला. असं ऊन कलेपर्यंत चाललं. जो हात त्याला जन्मात लागणार नव्हता, त्या हाताचा चिखल तो दोन्ही हातांनी घेत होता, आणि मागे गाव बघत होतं. गावाला टाळ्या कधी वाजवायच्या नाहीत, हेही कळतं.

खांड बुजली. बायकांनी चहा आणला. माणसं पांगली तरी दोघं भाऊ बांधावरच बसून राहिले, मधे एका माणसाची जागा सोडून.

"दादा," दिनानाथ म्हणाला. "मी पोरीला फसवली."

येसाजीने चहाचा कप खाली ठेवला.

"कॅप्टन बोलला, कंपनीची जागा डोलं मिटून घे. मी घरी येऊन उलटं सांगितलं. तिच्या पणज्याचं नाव घेतलं, संपाचं नाव घेतलं. खरं तं मना तुझ्या दारात यायची लाज वाटली. सही मागायला लागली असती तुझ्याकडं. म्हनून पोरीचं वाटोलं केलं मी. तिला बिचारीला काय ठाऊकच नाय."

"ठाऊक नाय?" येसाजीने वळून पाहिलं. "आरं, ती आयलेली ना माझ्याकडं."

"कवा?"

"मुदत चालू व्हती तवाच. बोलली, काका, जमिनीला तुझी सही लागते. मी बोललो, आन कागूद, आत्ता करतो. माझ्या बापाची जमीन, तशी तिच्या आज्याची. तं नको बोलली."

"नको?"

"बोलली, बाबा भर देवलात शबूद बोललाय. त्याच्या शबदावर पाय देऊन मना विमानात नाय चढायचं. तो आपल्या पायानं येऊन बोलंल तवा कर. मी बोललो, पोरी, तो नाय यायचा, मी वलखतो त्याला. तं बोलली, येल, तू त्याला लय वर्सांत बगितला नाय." येसाजीने हातावरचा सुकलेला चिखल खरवडला. "शेवटच्या दिशी दुपारपासून माझ्या ओटीवर बसली व्हती. तुझ्या वहिनीनं ताट वाढलं, जेवली नाय. गल्लीत गाडीचा आवाज आयला का उठून उभी ऱ्हायची. सांजच्याला तुझा डंपर तलावावरून गेला. तो आवाज दोघांनी ऐकला आमी. मंग चप्पल घातली नि गेली."

ज्या पोरीला आपण फसवलं म्हणून दिनानाथचं मन इतके दिवस त्याला खात होतं, ती फसलीच नव्हती. तिला सगळं दिसत होतं. कंपनीने दिलेली मुदत तिने उचलून बापाला देऊन टाकली होती, पुरी, शेवटच्या संध्याकाळपर्यंत. आणि तो खडी घेऊन काशीदला गेला होता. त्या रात्री तिने त्याला पान वाढलं होतं, भाजी वाढली होती.

"मी तरी कुटं आलो तुझ्याकडं?" येसाजी हलक्या आवाजात म्हणाला. "गल्ली वलांडायची व्हती फक्त. मनाबी त्या टाळ्याच ऐकू यायच्या."

दिनानाथ उठला. शेतात उरलेल्या पाण्यात त्याने हात धुतले, सदऱ्याच्या खिशातला फोन काढला आणि अमिषाला लावला.

"बोल, बाबा!" ती आनंदात होती. "आज विमान मिळालं. चांगला तासभर उडले. नदी दिसली वरून, सगळी शेतं दिसली."

"अमिषा," तो म्हणाला, "मी दादाजवल बसलोय. बांधावर. दादानं सांगितलं मना सगळं."

पलीकडे कोणीतरी तिला हाका मारत होतं. तिने उत्तर दिलं नाही.

"आत्ता गेलास, बाबा?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती.

"हां," दिनानाथ म्हणाला. "आत्ता."

तिने फोन ठेवला नाही. फोन कानाला लावून तो येसाजीशेजारी बसून राहिला.